‘आईबाप कुठंयत?’ – ‘कारखान्याला!’

(पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा, ही विनंती.)

गेल्या जानेवारीतली गोष्ट. बातमीसाठी एका पोलीस ठाण्यात गेलो होतो. विहिरीवरच्या मोटारींची केबल चोरणारी तीन पोरं पकडली होती. त्यातलं एक सोळा वर्षांचं. कायद्याच्या भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. बाकड्यावर एक म्हातारी बसलेली, पोराची आजी. साहेबांनी तिला विचारलं, “ह्याचे आईबाप कुठंयत?”

“कारखान्याला.”

“कधीपासून?”

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, “दरसालच जातेत की साहेब. ह्यो पोटात व्हता तवापसून.”

साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, “बघा पत्रकार. संस्कारच नाहीत. वरून हातात मोबाईल.” मी मान हलवली. संध्याकाळी आठ ओळींची बातमी पाठवली, ‘केबलचोरांची टोळी जेरबंद, एक अल्पवयीन’. दुसऱ्या दिवशी छापून आली. विषय संपला.

माझ्यासाठी मात्र तो संपला नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की बातमीत सहा उत्तरं पाहिजेत: कोण, काय, कुठं, कधी, का, कसं. वीस वर्षांत मी असल्या किती बातम्या दिल्या, मोजलं नाही. त्यातल्या एकीतही ‘का’ नव्हता. आज तो लिहायचा प्रयत्न करतो. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, पाऊणशे वर्षं तरी.

बाहेरची माणसं बोलतात असं, जणू बीड, पाथर्डीकडच्या माणसांच्या कपाळावर ऊसतोड लिहूनच आलीय. तसं काही नाही. या कामाला तारखा आहेत.

१९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात. शेजारचा नगर जिल्हा मुंबई इलाख्यात. तिकडं १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहायला लागले, कालव्याच्या कडेनं ऊस उभा राहिला. इकडं बालाघाटाच्या डोंगरावर मुरमाड जमीन, पावसाच्या भरवशावरची बाजरी आणि तूर. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ती मोठीच गोष्ट होती. शेतकरी स्वतः कारखान्याचा मालक झाला. पुढं नीरा, कृष्णा, पंचगंगेच्या काठी कारखान्यांची रांग लागली. पश्चिम महाराष्ट्रातली शाळा, कॉलेजं, दवाखाने, रस्ते, राजकारण, सगळं त्या धुराड्याभोवती उभं राहिलं.

पण उसाची एक अडचण आहे. तोडलेला ऊस जितका लवकर गाळावा तितकी साखर जास्त उतरते. उशीर झाला की वजनही जातं आणि उताराही. म्हणून कारखान्याला असा मजूर पाहिजे जो फडाच्या कडेलाच राहील, पहाटे चारला उठेल, रात्री अकराला ट्रॅक्टर आला तरी भरून देईल, आणि ‘आज पाहुणे आलेत, येत नाही’ म्हणणार नाही. गावातला मजूर असं म्हणू शकतो. त्याला घर असतं.

डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात गुजरातेत बारडोलीच्या कारखान्यावर हाच प्रश्न विचारला होता. तिथं ऊस तोडायला आपल्या खानदेशातली माणसं जात, आजही जातात. स्थानिक भूमिहीन रिकामे बसलेले असताना बाहेरून माणसं का आणायची? त्यांनी दिलेलं उत्तर थोडक्यात असं, की परका मजूर जास्त मुठीत राहतो. घरदार मागं सोडून आलेला माणूस दिवसरात्र कामालाच हजर असतो. आपल्याकडच्या कोपीवर एक रात्र काढलेल्या कुणालाही हे पुस्तक न वाचताही पटेल.

आमच्याकडची माणसं १९७२ च्या आधीही थोडीफार जायची. पण बहात्तरनं गावंच्या गावं हलली. त्याआधीची दोन वर्षंही कोरडीच गेली होती. विहिरी आटल्या, बैलं कवडीमोलानं गेली. खडी फोडायच्या कामावर बाप्ये आणि बाया शेजारी शेजारी बसल्या. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्या कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव आमच्याकडची सत्तरीतली माणसं आजही सांगतात. याच दुष्काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना मोठी झाली, १९७७ ला तिचा कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला. देशाला दिशा देणारं काम होतं ते.

मग माणसं कारखान्याला का जात राहिली? मी हा प्रश्न आमच्या भागातल्या एका जुन्या तोडकऱ्याला विचारला. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, “सरकारचा पैसा काम झाल्यावर, तोबी उशिरा. मुकादमाचा पैसा कामाआधी.”

हा कामाआधीचा पैसा म्हणजे उचल. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, पोरीचं लग्न काढलेलं असतं, दवाखान्याचं देणं असतं, तेव्हा मुकादम दारात येतो आणि रोख पैसे मोजतो. ते फेडायला दसऱ्यानंतर ट्रकमध्ये बसायचं. पाच-सहा महिने ऊस तोडायचा. टनावर हिशेब. पट्टा पडला की हिशेब होतो आणि बऱ्याचदा उचल फिटलेली नसते. उरलेली बाकी पुढच्या हंगामावर. मुकादमाला शिव्या देणं सोपं आहे. तोही कारखान्याकडून स्वतःच्या जबाबदारीवर पैसा उचलतो, उचल घेऊन माणसं पळाली की तोही बुडतो, आणि मग त्यातून मारहाण, डांबून ठेवणं, पोलीस केस. अशा बातम्या दर हंगामात असतात.

आता मुद्द्यावर येतो.

या सगळ्या व्यवहारात माणूस मोजायचं एक माप आहे, कोयता. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. उचल कोयत्याला मिळते. एकट्या गड्याला म्हणायचं अर्धा कोयता. तो ऊस तोडणार, ती पाचट काढून मोळी बांधणार, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत नेणार. हिशेबाच्या वहीत नाव नवऱ्याचं. बायको त्यातच धरलेली. आणि पोर? पोर कुठंच नाही. ते वजनात नाही, दरात नाही, उचलीत नाही. ट्रकमध्ये मात्र असतं. भांडी, शेळी, पीठ, सरपण यांच्यामध्ये कुठंतरी बसलेलं.

आमच्या जिल्ह्यात पन्नास वर्षांत पोरांच्या बाबतीत जे जे घडलं त्याचं मूळ मला या मापात दिसतं. कसं ते सांगतो.

शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि एप्रिलला संपतं. कारखान्याचं वर्ष ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्च-एप्रिलला संपतं. जो काळ शिकायचा, नेमका तोच काळ तोडायचा. मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शाळेत गेलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग उघडला की निम्मी बाकं रिकामी. गुरुजी हजेरी घेताना ती नावं वाचतच नसत. माझ्या शेजारी बसणारा दोस्त चौथीपर्यंत पाढ्यात माझ्या पुढं होता. तो दर चैत्रात परत यायचा तेव्हा त्याच्या हातावर पाचटाचे ओरखडे असायचे आणि आम्ही अपूर्णांक संपवून दशांशाला लागलेलो असायचो. पाचवीत त्याला नीट वाचता येईना, पोरं हसायला लागली. सातवीनंतर तो आलाच नाही. बापाच्या बैलगाडीवर गेला. मी हुशार होतो म्हणून शिकलो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते आणि घरात महिन्याच्या महिन्याला पगार येत होता, हा खरा फरक.

या दोन वर्षांच्या कात्रीत पोर कसं वाढतं, ते वयानुसार बघा.

तान्हं असेल तर फडाच्या बांधावर, साडीच्या झोळीत. आई मोळ्या वाहते, मधे येऊन पाजते. थोडं मोठं झालं की त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण. म्हणजे एका लेकराला सांभाळण्यात दुसऱ्याचं बालपण जातं. ऊस भरणाऱ्या वाहनाखाली, उघड्या विहिरीत लेकरं गेल्याच्या बातम्या मी स्वतः लिहिल्यात. लसीची तारीख गावात, पोर कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकात. कोपी म्हणजे पाचटाची पाल. दिवा नाही, दार नाही, संडास नाही.

दहा-बारा वर्षांचा पोरगा कोपीवर असला तर बैलं पाजतो, वाढं विकतो, मोळ्या ओढतो. १९८६ चा बालकामगार कायदा आहे, २०१६ ला तो कडकही केला. पण त्याच दुरुस्तीत शाळेनंतर घरच्या कामाला मदत करायची मुभा ठेवली. तोडीवरच्या कुटुंबात घरचं काम कुठं संपतं आणि कारखान्याचं कुठं सुरू होतं, हे कोण ठरवणार?

आणि पोरगा गावात ठेवला तर? घरात आजी. तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, गुडघे धरलेत. सकाळी भाकरी थापून देते, एवढंच तिच्या हातात असतं. रात्री पोरगा कुठंय, कुणाबरोबर आहे, तिनं कसं बघायचं? आईशी बोलणं आठवड्यातून दोनदा, फोनवर, तेही रात्री दहाला, ती दमून झोपायला टेकलेली असताना. वर्षातले सहा महिने आईबाप नाहीत, आणि जे सहा महिने आहेत त्यातही पुढच्या उचलीची बोलणी चाललेली. पोरगा चिडका होतो, अबोल होतो, शाळेत मागं बसतो, गुटखा खायला लागतो. आपण म्हणतो बिघडला. लहानपणापासून दर दसऱ्याला आईबाप सोडून जाताना बघितलेल्या लेकराच्या मनाचं काय होत असेल, हे आपल्यापैकी कुणी त्याला विचारलंय का? मी तर नाही विचारलं.

अजून एक गोष्ट आहे, ती लिहिताना जड जातं. या पोरांनी बापाला मुकादमापुढं मान खाली घालून उभं राहिलेलं बघितलेलं असतं. काहींनी बापाला मार खाताना बघितलेलं असतं. आणि त्याच गावात पांढरी गाडी, गळ्यात चेन, मागं चार पोरं असलेला माणूसही त्यांनी बघितलेला असतो. त्याला सगळे वाट देतात. गेल्या दोन वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर कशाकशासाठी गाजलं ते सगळ्यांना माहीत आहे. बंदूक हातात घेऊन रील काढणारी पोरं बघून पुण्या-मुंबईची मंडळी विचारतात, तुमच्याकडं असं का? मी त्या पोरांची बाजू घेत नाही. गुन्हा तो गुन्हा. पण सोळाव्या वर्षी कुणासारखं व्हायचं, हे पोरगा डोळ्यासमोरच्या माणसांतून निवडतो. त्याच्या समोर आपण कोण ठेवलं? घाबरणारा बाप आणि घाबरवणारा दादा. शिक्षक असायला पाहिजे होता, पण त्या सहा महिन्यांत त्यांची भेटच होत नाही.

पोरींचं वेगळं आहे. त्यांच्या वाट्याला पोलीस ठाणं येत नाही, मांडव येतो. पाटोद्याकडच्या एका बाईला मी विचारलं होतं, पोरगी पंधराची, इतकी घाई कशाला? ती म्हणाली, “दादा, पोरगी वयात आली. कोपीवर न्यावं तर दार नाही. घरी ठिवावं तर माणूस नाही. तुमीच सांगा कुठं ठिवू?” मी काय सांगणार? तिच्यापुढं दोन वाटा होत्या आणि दोन्ही मांडवाकडंच जात होत्या. त्यात मुलाकडच्यांचीही गरज असते. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. लग्न झालं की कोयता पुरा, उचल पुरी. म्हणून दसऱ्याच्या आधी लग्नं उरकली जातात.

मुलीच्या लग्नाचं वय १९७८ पासून १८ आहे. २००६ ला बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा आला. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी जवळपास ४४ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा सुमारे २२ टक्के. म्हणजे आम्ही राज्याच्या दुप्पट. कायदा माहीत नाही म्हणून हे होत नाही. पत्रिकेवर वय लिहायचं नाही, हे ज्याला कळतं त्याला कायदाही कळतो.

पुढची साखळी बघा. पंधराव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, विसाव्या वर्षी दोन लेकरं आणि डोक्यावर मोळी. एक दिवस काम बुडालं की खाडा, खाड्याचा दंड. पाळी आली, अंगावरून जायला लागलं, तरी सुट्टी नाही. मग कुणीतरी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. २०१९ साली हा विषय देशभर गाजला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरोग्य खात्यानं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहातली एक. बातम्या झाल्या, चर्चा झाल्या. पण एक प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही. ज्या घरातली आई पस्तिशीत म्हातारी होते, कंबर धरून बसते, त्या घरातल्या चौदा वर्षांच्या पोरीनं शाळेत कसं जायचं? आईच्या वाटची मोळी कुणी उचलायची?

तर अशी ही साखळी. आजी, आई, लेक, नात. मधे कुठं तुटली तर तुटली.

तोडायचे प्रयत्न झालेच नाहीत, असं नाही. ते सांगितले नाहीत तर अन्याय होईल. भगवानबाबांनी गडावरून पोरं शिकवा असं सांगितलं, तेही ऊसतोड अजून एवढी पसरली नव्हती तेव्हा. पुढं बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांनी ऊसतोड कामगारांना संघटित केलं, संप झाले, लवाद बसले, दर वाढले. जानेवारी २०२४ मध्येही ३४ टक्के दरवाढ झाली. ती हक्काची होती. पण बैठकीत चर्चा होते ती टनाच्या दराची आणि मुकादमाच्या कमिशनची. कोयत्याला भाव वाढला, पण कोयता हे मापच चूक आहे असं टेबलावर कुणी म्हणाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

पोरांसाठी आधी साखर शाळा आल्या. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्याच्या तळावर वर्ग चालवले. पत्र्याचा वर्ग, एक शिक्षक, पाच इयत्ता. त्यात बरीच पोरं अक्षर ओळखायला शिकली. पण साखर शाळेनं पोराला तळावर नेण्याची सोयही करून दिली, ही तिची अडचण होती. पोर तळावर आलं की कामाला लागतंच. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. मग धोरण असं, की पोर जिथं असेल तिथल्या नियमित शाळेत बसवायचं. कागदावर चोख. प्रत्यक्षात फडापासून शाळा चार-पाच किलोमीटर, टोळी पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावात, आणि कर्नाटकात गेलेल्या पोराला समोर फळ्यावर कन्नड.

दुसरा उपाय हंगामी वसतिगृहाचा. पोरांना गावातच ठेवायचं, शाळेमार्फत दोन वेळचं जेवण द्यायचं. मला विचाराल तर पन्नास वर्षांतला हा सगळ्यात शहाणा उपाय. मी अशी गावं बघितलीत जिथं मुख्याध्यापक मनावर घेतात, संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेतात, आणि त्या गावात दिवाळीनंतर बाकं रिकामी होत नाहीत. पण मंजुरी उशिरा येते. टोळ्या ऑक्टोबरात जातात आणि वसतिगृहाचा कागद डिसेंबरात पोचतो, असंही बघितलंय. तोवर पोर ट्रकमध्ये बसून गेलेलं असतं. शिवाय काही ठिकाणी खोटी पटसंख्या दाखवून पोरांच्या जेवणावर डल्ला मारला गेला, तेही खरं.

मग कोरोना. मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा लाखाच्या वर तोडकरी कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. एप्रिलच्या मध्यावर त्यांना गावी जायची परवानगी मिळाली. आले तर शाळा बंद. हंगामी वसतिगृहं बंद. जी पोरं कशीबशी धरून ठेवली होती ती त्या दीड-दोन वर्षांत सुटली. पोरांच्या हातात कोयता आला आणि पोरींच्या हाताला हळद लागली. ज्या पोरानं माझी ही पोस्ट सुरू झाली, तो तेव्हा सहावीत होता.

नंतर गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं. टनामागं कारखान्यानं १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं, असं ठरलं. संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आली, प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं, एक मुलींचं. योजना चांगली आहे. मुलींच्या वसतिगृहाकडं माझं जास्त लक्ष आहे. “तुमीच सांगा कुठं ठिवू” या प्रश्नाला सरकारनं दिलेलं ते पहिलं खरं उत्तर असू शकतं. फक्त दसऱ्याच्या आधी दार उघडं पाहिजे, आणि दहावीनंतरही जागा मिळाली पाहिजे. पंधरा ते अठरा हीच तर धोक्याची वर्षं.

इथं काही मित्र म्हणतील, अहो, ह्याच कोपीतून फौजदार झाले, तहसीलदार झाले, डॉक्टर झाले. सत्कार तर तुम्हीच छापता. खरंय, छापतो. अशा चार-पाच जणांना मी खोदून विचारलंय. प्रत्येकाच्या गोष्टीत कुणीतरी एक माणूस निघतो. कुणाची धडधाकट आजी, कुणाचे गुरुजी ज्यांनी स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, कुणाचा मामा, कुणाला आश्रमशाळेत जागा मिळाली. जिद्द सगळ्यांकडं होती. पण जिद्द माझ्या चौथीतल्या दोस्ताकडंही होती, त्याला ते माणूस मिळालं नाही. हजारातला एक वर आला म्हणून विहिरीला पायऱ्या आहेत असं होत नाही.

आता माझं म्हणणं मांडतो. पटलं नाही तर भांडा.

पहिलं, कोयता हे माप बंद करा. बाईचं नाव वेगळं, करार वेगळा, मजुरी तिच्या खात्यात. अर्धा कोयता ही भाषा गेली की लग्न करून कोयता पुरा करायची घाईही कमी होईल. लगेच नाही, पण होईल.

दुसरं, टोळी हलते त्या दिवशी गावात लेकरांची यादी करा. कोण गेलं, कोण राहिलं, राहिलेलं कुणापाशी आहे. ग्रामसेवक, अंगणवाडीताई, मुख्याध्यापक, तिघांनी मिळून एक दिवस काढला तरी होतं. कामगारांना ओळखपत्र द्यायला लागलात, आता त्यांच्या लेकरांची नावंही लिहा. राज्यांतर्गत स्थलांतर १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात बसतच नव्हतं. निदान गावाच्या वहीत तरी बसू द्या.

तिसरं, वसतिगृहाची मंजुरी ऑगस्टमध्ये.

चौथं आमच्या धंद्यासाठी. आम्ही पत्रकारांनी ‘टोळी जेरबंद’ लिहिताना खाली एक ओळ वाढवायची: पोराचे आईबाप कुठं आहेत.

हे सगळं करायला वेळही फार नाही. फडात हार्वेस्टर यायला लागलेत. उद्या यंत्रं वाढली की ऊसतोडही जाईल. तेव्हा या पोरांच्या हाती ना शाळा असेल, ना शेत, ना कोयता. मग ती काय करतील, याचा विचार आत्ता केलेला बरा.

त्या पोराचं काय झालं? बाल न्याय मंडळापुढं नेलं, समज देऊन आजीच्या ताब्यात दिलं. एप्रिलमध्ये आईबाप परत आले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. बातमीसाठी नाही. आई म्हणाली, पकडल्याचं कळलं तेव्हा यायचं होतं, पण मुकादमानं सोडलं नाही, अन् सोडलं असतं तरी भाड्याला पैसे नव्हते. बाप काहीच बोलला नाही. पोरगा उंबऱ्यावर बसून होता. मी विचारलं, दहावी करायची का? सतरा नंबरचा फॉर्म भरू. तो म्हणाला, “भरू. पण ह्या वर्षी ही दोघं जाणार नसतील तर.”

मी त्याच्या बापाकडं बघितलं. बाप जमिनीकडं बघत होता. उचल घेऊन झाली होती.

दसरा जवळ आलाय. आमच्या स्टँडमागच्या मैदानात ट्रक लागायला सुरुवात झालीय. फॉर्म मी भरलाय. तो आजीपाशी राहील, संध्याकाळी आमच्या घरी अभ्यासाला येईल, असं सध्या ठरलंय. आमच्या घरात एका पोराची जागा आहे. तुमच्या गावात, तुमच्या ओळखीत, पुढच्या सहा महिन्यांसाठी आणखी कुणाकडं अशी जागा असेल तर मला फोन करा. अशी पोरं भरपूर आहेत.